साडेतीन मीटर

काउंटरवरच्या मुलीने माझं पुस्तक दोन्ही हातांत घेतलं. फोटो पाहिला नाही, नावही वाचलं नाही. कव्हरवरच्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवत नेलं आणि एका ठिकाणी थांबवलं. १९४९. मग हसून मान लववली आणि गाडीची किल्ली आणायला आत गेली.

एप्रिल २०१८. जपानमध्ये उतरून आम्हाला आठ दिवस झाले होते. नवऱ्याची बदली हमामात्सुला झाली होती. टोकियोत गाडीवाचून काही अडत नाही, पण हमामात्सु हे गाड्या आणि पियानो बनवणारं, ऐसपैस पसरलेलं शहर. बस तासाला एक, मुलगी तीन वर्षांची आणि बालवाडी टेकडीपलीकडे. नवरा गाडी चालवत नाही, त्यामुळे चालवणार मीच हे निघतानाच ठरलं होतं. म्हणून सामान बांधायच्या आधी मी आरटीओत जाऊन इंटरनॅशनल लायसन्स काढलं होतं. फॉर्म ४-ए, व्हिसाची झेरॉक्स, डॉक्टरांचा दाखला आणि १००० रुपये. खिडकीपलीकडच्या बाईंनी निळ्या पेनाने, वळणदार अक्षरात माझं नाव आणि वडिलांचं नाव लिहिलं, डिंकाने फोटो चिकटवला आणि अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर असा गोल शिक्का मारला. करड्या रंगाचं ते पुस्तक मी पासपोर्टच्या कप्प्यात ठेवलं.

त्याला आपण सगळेच इंटरनॅशनल लायसन्स म्हणतो. प्रत्यक्षात ते लायसन्स नाही. आपल्या मूळ लायसन्सचं ते अनेक भाषांतलं भाषांतर आहे, आणि त्यावर आपल्या सरकारचा शब्द आहे की या माणसाची परीक्षा आम्ही घेतली आहे. म्हणून भाड्याची गाडी घेताना पुस्तक आणि मूळ लायसन्स, दोन्ही मागतात. ऑनलाइन पैसे भरून 'इंटरनॅशनल लायसन्स' म्हणून जी चकचकीत प्लास्टिकची कार्डं मिळतात, त्यांच्यामागे कोणत्याही सरकारचा शब्द नसतो. आपल्या ओळखीतलं कुणी ती घ्यायला निघालं असेल, तर त्याला हात धरून थांबवा.

आणि ते १९४९? त्या वर्षी १९ सप्टेंबरला जिनिव्हात रस्त्यावरच्या वाहतुकीचा एक आंतरराष्ट्रीय करार झाला. महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती, आणि देशादेशांनी एवढं मान्य केलं की तुम्ही ज्याला चालक म्हणून पास केलंत, त्याला आम्ही वर्षभर आमच्या रस्त्यावर चालक मानू. भारत या करारात आहे. जपान त्यात १९६४ साली आला, टोकियो ऑलिम्पिकच्या वर्षी. पुढे १९६८ मध्ये व्हिएन्नात नवा करार झाला. जर्मनी, ब्राझील, व्हिएतनाम त्यात आहेत, जपान नाही. त्यामुळे १९६८च्या करारावर दिलेलं पुस्तक, ते कितीही मोठ्या देशाचं असो, जपानमध्ये चालत नाही. त्या मुलीचं बोट त्या आकड्यावर का थांबलं, ते मला पुष्कळ नंतर कळलं. जिल्ह्याच्या गावी एका बाईंनी निळ्या पेनाने लिहिलेला कागद पाच हजारांहून जास्त किलोमीटरवर कुणीतरी वाचतं, त्यावर विश्वास ठेवतं आणि किल्ली हातात देतं. मला याचं आजही अप्रूप वाटतं.

पुढे आम्ही पिवळ्या नंबरप्लेटची (इथे ती छोट्या खासगी गाड्यांना असते) एक छोटी गाडी घेतली. नोव्हेंबरमध्ये दिवाळीला घरी गेलो तेव्हा जुनं पुस्तक संपायला आलं होतं, म्हणून वीस दिवसांच्या त्या मुक्कामात नवं काढून आणलं. पुस्तकावर नवी तारीख, म्हणजे आता आणखी एक वर्ष, असं मी धरून चालले. कुणाला विचारलं नाही.

६ एप्रिल २०१९ला गुढीपाडवा होता. इथे पंधरा वर्षं राहिलेल्या एका दादांकडे जेवायला बोलावलं होतं. बाल्कनीत गुढी उभी होती, पानात श्रीखंड-पुरी होती, आणि सहज विषय निघाला तसं दादांनी विचारलं, "तुझं इथलं लायसन्स झालं का?" मी म्हटलं, "दिवाळीत नवं इंटरनॅशनल आणलंय की." त्यांनी हातातली पुरी पानात ठेवली. "तू पहिल्यांदा उतरलीस कधी?" "गेल्या वर्षी, २८ मार्चला." ते वहिनींकडे बघायला लागले.

इथला नियम असा. वर्ष मोजायचं ते जपानमध्ये उतरल्याच्या दिवसापासून. इथला रहिवासी बाहेर जाऊन परत आला, तर परतीची तारीख नव्याने धरतात, पण मधे किमान ३ महिने देशाबाहेर काढलेले असतील तरच. वीस दिवसांची दिवाळी त्यात बसत नाही. माझं वर्ष २८ मार्चलाच संपलं होतं. गेले नऊ दिवस मी विनापरवाना गाडी चालवत होते, मागच्या सीटवर मुलगी बसलेली असताना. जपानमध्ये या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड आहे. मला शिक्षेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने कापरं भरलं. त्या नऊ दिवसांत कुणाला साधा धक्का जरी लागला असता, तरी त्या माणसाशी मी काय बोलले असते? त्या रात्री गाडी दादांच्याच पार्किंगमध्ये ठेवून आम्ही बसने घरी आलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती आणून पोहोचवली आणि ती चार महिने जागची हलली नाही.

ते चार महिने मी सायकल चालवली. मागे लहान मुलाची खुर्ची बसवलेली सायकल इथल्या आया चालवतात, तिला ममाचारी म्हणतात. जपानमध्येही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक. त्यामुळे सायकल रस्त्याच्या डाव्या कडेने जायची, आणि माझ्या उजव्या कोपराशेजारून गाड्या पुढे जायच्या. पहिल्या आठवड्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पुढची गाडी डावीकडे वळायची असली, की आधी दिवा लागायचा, मग गाडी हळूहळू कडेला सरकायची, इतकी की कडेचा दगड आणि चाक यांच्यामध्ये सायकल शिरायला जागाच राहायची नाही. आणि अगदी वळायच्या क्षणी काचेतून चालकाची मान दिसायची. पूर्ण डावीकडे वळलेली, खांद्यावरून मागे. आरशात डोळे टाकून भागलेलं नाही, मान वळली आहे, हे मागून स्पष्ट कळायचं. म्हातारे आजोबा, ट्रकवाला, केस रंगवलेला कॉलेजचा पोरगा, सगळ्यांची मान वळायची. आणि ती वळली की मला कळायचं, यांना मी दिसले. माझी मुलगी दिसली.

मी बारा वर्षं गाडी चालवत होते. डावीकडे वळताना माझी मान अशी एकदाही वळली नव्हती.

जपानी लायसन्ससाठी परदेशी लायसन्स बदलून घ्यावं लागतं. मूळ लायसन्सचं जपानीत अधिकृत भाषांतर करून घ्यायचं, लायसन्स मिळाल्यावर किमान तीन महिने त्याच देशात राहिल्याचा पुरावा द्यायचा आणि सेंटरवर जायचं. इथे मला पहिला धक्का बसला. जर्मन माणसाचं पुस्तक इथे चालत नाही, पण त्याचं लायसन्स विनापरीक्षा बदलून मिळतं. फ्रान्स, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाचं लायसन्सही तसंच बदलून मिळतं. माझं पुस्तक चालतं, पण माझं लायसन्स बदलून हवं असेल तर परीक्षा द्यावी लागते. पाहुणी म्हणून आले तर करार मला वर्षभर सांभाळून घेतो. राहायला आले, की हा देश माझ्या देशाची परीक्षा पुरेशी धरत नाही. मैत्रीण जर्मनीत आहे. तिला सहा महिने भारतीय लायसन्सवर चालवता आलं, मग लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. मावसभाऊ इंग्लंडमध्ये आहे. त्याला बारा महिने मिळाले, मग पहिल्यापासून सगळं. तिघं तीन देशांत, आणि तिघांच्या वाट्याला एकच उत्तर.

सेंटरवर परीक्षेआधी एक मुलाखत झाली. टेबलापलीकडे साधारण पन्नाशीचे अधिकारी, पुढ्यात छापील प्रश्नांचा कागद. लायसन्स कुठे काढलं? शिकायला किती दिवस लागले? लेखी परीक्षेत किती प्रश्न होते? प्रत्यक्ष परीक्षा रस्त्यावर झाली की मैदानावर? किती वेळ चालली?

मला २००६ सालची ती सकाळ आठवली. जिल्ह्याच्या गावचं मैदान, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांची रांग, झाडाखाली टेबल टाकून बसलेले साहेब. शेजारच्या सीटवर आमचे सर, त्यांच्या पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक आणि क्लच. पक्क्या लायसन्सची ट्रायल म्हणजे गाडी त्या पलीकडच्या कडुनिंबापर्यंत न्यायची आणि वळवून आणायची. ब्रेक माझ्या पायाने लागला की सरांच्या, ते मला आजही सांगता येणार नाही. साहेबांनी मान वर केली की नाही, तेही आठवत नाही. आदल्या संध्याकाळी बाबा म्हणाले होते, "लायसन्स हातात येऊ दे गं, मग रस्त्यावर आपोआप शिकशील." आमच्या पिढीतल्या बहुतेकांना घरातून हेच सांगितलं गेलं, आणि तेही प्रेमाने.

खोटं बोलणं सोपं होतं. मी "दोन मिनिटं" म्हटलं.

"नि-फुन?" त्यांनी खात्री करून घेतली.

"हो."

त्यांनी २ लिहिलं. चेहऱ्यावर काही नाही, पुढचा प्रश्न. मला मात्र त्या कागदावरचा २ दिसत राहिला. कारण तो एकटा माझा नव्हता. आरटीओतल्या त्या बाईंनी सुबक अक्षरात जो शब्द दिला होता, त्याच्यामागे प्रत्यक्षात काय होतं, ते आता एका परक्या माणसाच्या फायलीत लिहिलं गेलं होतं.

लेखी परीक्षा सोपी होती. चूक-बरोबरचे दहा प्रश्न, सात बरोबर आले की पास. (ऑक्टोबर २०२५ पासून ती पन्नास प्रश्नांची झाली आहे आणि ४५ बरोबर यावे लागतात. मला तो बदल योग्य वाटतो.) खरी परीक्षा मागच्या आवारात होती. तिथे बंदिस्त आवारात छोटंसं गाव उभारलेलं असतं: सिग्नल, चौक, रेल्वे फाटक, थांबण्याची रेघ, इंग्रजी एस आकाराचं वळण, आणि क्रँक म्हणतात ती दोन काटकोनांची गल्ली. एस आणि क्रँक दोन्हींची रुंदी ३.५ मीटर. सुरुवातीला शंभर गुण असतात, चूक झाली की कापत जातात, सत्तर उरले तर पास.

माझ्या आधीचा उमेदवार ब्राझीलचा होता. हमामात्सुत ब्राझीलची पुष्कळ माणसं आहेत, कारखान्यांत काम करतात. बाकावर बसून मोडक्यातोडक्या जपानीत आम्ही बोललो. तो स्वतःच्या देशात अकरा वर्षं ट्रक चालवत होता. त्याच्याकडेही इंटरनॅशनल पुस्तक होतं, पण १९६८चं, त्यामुळे इथे एक दिवसही उपयोगाला आलं नाही. पाचव्यांदा परीक्षेला आला होता आणि प्रत्येक वेळी कारखान्यातली एका दिवसाची मजुरी बुडत होती. त्याची परीक्षा चालू असताना मला मागच्या सीटवर बसवलं. एवढा मोठा माणूस, गाडीत बसण्याआधी वाकून चाकांपाशी, गाडीखाली बघत होता. तिथे एखादं मूल किंवा मांजर नाही ना, म्हणून.

पहिल्या वेळी मी नापास झाले. गाडी कुठेही घासली नाही, रेघेवर व्यवस्थित थांबले, तरी नापास. परीक्षकांनी एकच शब्द दोनदा म्हटला, "काकुनिन." खात्री करून घेणं. मग त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बोट दाखवलं आणि ते आरशाकडे नेलं, नंतर स्वतःच्या मानेवर हात ठेवून ती डावीकडे वळवून दाखवली. मी फक्त डोळे वळवले होते. चार महिने सायकलवरून रोज पाहिलेली गोष्ट, आणि स्टिअरिंग हातात येताच बारा वर्षांची सवय तिच्यावर मात करून गेली.

दुसऱ्या वेळी क्रँकमध्ये मागचं चाक दगडावर चढलं.

तिसऱ्या वेळेआधी मी घरी रोज सराव केला. जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर बसून, हातात ताट धरून. आतला आरसा, बाहेरचा आरसा, दिवा, तीन सेकंद, मान. मुलगी समोर बसून माझी मान वळली की नाही ते सांगायची. त्या दिवशी आवारात डावीकडे वळताना मी मान वळवली, आणि तिथे सायकल नव्हती, सिमेंटचा नुसता रिकामा पट्टा होता, तरी मला तिथे पिवळ्या हेल्मेटमधली माझी लेक दिसली. पास झाले. हिरव्या पट्टीचं लायसन्स मिळालं. पाच वर्षं एकही गुन्हा केला नाही तर ती पट्टी सोनेरी होते. तो ब्राझीलचा माणूस पुन्हा दिसला नाही. पास झाला असेल, असं मी धरून चालते.

नंतर मी वाचत सुटले. जपान पहिल्यापासून असा होता, हा माझा समज होता. तो खोटा निघाला. १९७० साली जपानमध्ये रस्त्यावर १६,७६५ माणसं मेली. त्या काळाला इथे 'वाहतुकीचं युद्ध' म्हणतात. पदपथ बांधले, सिग्नल उभारले, परीक्षा आणि शिक्षा कडक केल्या, आणि २०२२ साली तो आकडा २,६१० वर आला. त्याच वर्षी भारतात १,६८,४९१ माणसं गेली. नुसत्या महाराष्ट्रातला आकडा पंधरा हजारांवर आहे, आणि आपल्या राज्याची लोकसंख्या साधारण जपानएवढीच आहे. म्हणजे ते १९७० साली जिथे होते, तिथे आपण आज उभे आहोत. हे आकडे मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले आणि मग बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. प्रत्येकाच्याच ओळखीत कुणीतरी गेलेलं असतं. आमच्याकडे माझा चुलत दीर आहे.

आणि आपला कायदा? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला नियम १५ मी इथे बसून वाचला. चालकाने परीक्षेत काय काय करून दाखवायचं, त्याची लांबलचक यादी आहे. आरसा नीट करणं, इंजिन सुरू करण्याआधीची काळजी, योग्य वेळी इशारा देणं, सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर पायी जाणाऱ्याला आधी जाऊ देणं. सगळं लिहिलेलं आहे. जपानच्या परीक्षेत मी जे केलं, त्यातलं बहुतेक सगळं माझ्याच देशाच्या नियमात, माझं लायसन्स निघण्याच्या सतरा वर्षं आधी छापलेलं होतं. कडुनिंबापर्यंत जाऊन येण्यात ते कुणी मला विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही.

सुधारणा होताहेत, आणि त्या मी मनापासून मोजते. २०२१ पासून परदेशात असताना पुस्तक संपलं तर वकिलातीमार्फत अर्ज करता येतो, डॉक्टरांचा दाखला आणि व्हिसाची अट गेली. आधी राज्याराज्यांत पुस्तकाचा आकार आणि रंग वेगळा असायचा आणि परदेशात लोक अडकायचे. ऑगस्ट २०२२च्या अधिसूचनेने तो एकसारखा झाला, मूळ लायसन्सशी जोडणारा क्यूआर कोड आला. काही शहरांत सेन्सर लावलेले ट्रॅक झाले आहेत. आता कव्हरवरच्या १९४९ वर कुणाचं बोट थांबलं, तर त्या कोडमागे खरीखुरी परीक्षा असावी, एवढंच मला हवं आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात घरी गेले होते. भाच्याची ट्रायल झाली होती. "कशी झाली रे?" "मस्त, मावशी. गाडी पुढे घेतली, थांबवली, झालं." ताई पेढे वाटत होती. मी पेढा घेतला आणि त्याला म्हटलं, उद्या सकाळी सहाला उठ.

शाळेच्या शिपाईमामांकडून क्रीडास्पर्धांतली उरलेली अर्धी गोणी फक्की मिळाली. मैदानावर आम्ही टेप लावून मोजलं, ३.५ मीटर. फक्कीने आधी एस काढला, मग क्रँक, कडेला दगड म्हणून विटा मांडल्या. बाबा कठड्यावर बसून बघत होते. पहिल्या फेरीत भाच्याने क्रँकमधल्या तीन विटा पाडल्या. दुसऱ्या फेरीत एक. तिसऱ्या फेरीला त्याने गाडी उभी केली, खाली उतरला, वाकून चाकांखाली बघितलं, परत बसला. एसकडे डावीकडे वळताना काचेतून त्याचे ओठ हलताना दिसले. आरसा, दिवा, एक, दोन, तीन.

त्याची मान पूर्ण वळली. कठड्यावरून बाबा उठले, तो कुणाकडे बघतोय ते शोधत त्यांनीही त्या बाजूला पाहिलं. तिथे मैदान रिकामं होतं.

"कोण आहे गं तिकडे?" त्यांनी मला विचारलं.

"सायकलवाला, बाबा," मी म्हटलं.